छत्तीस मापाचा अस्तराचा ब्लाउज घरी शिवताना

घरी शिवलेला ब्लाउज अंगावर नीट बसला नाही की मशीनला नावं ठेवली जातात. टीप थोडी वाकडी गेली तर ती आतून दिसते, एवढंच. ब्लाउज बिघडतो बेतताना, आणि त्यातही मुंढ्यात (बाही जोडतात तो काखेभोवतीचा गोल) आणि टक्समध्ये (छातीला उठाव आणायला शिवलेल्या निमुळत्या घड्या). खाली चार टक्सचा (पुढच्या प्रत्येक भागाला चार), पुढे हुकांचा, अस्तर लावलेला साधा ब्लाउज कापड भिजवण्यापासून हुक लावेपर्यंत जसा शिवला तसा लिहिला आहे. तुमच्या मापाप्रमाणे आकडे बदलतील, हिशेब हाच राहील.

मापं अशी: छाती ३६, छातीखालचा घेर ३०, उंची १४, शोल्डर १४, मुंढ्याचा घेर १६, बाही ८, दंडाचा घेर ११. खांद्याच्या गळ्याकडच्या कोपऱ्यापासून टक्स पॉइंट (छातीचा सगळ्यात उंच बिंदू) साडेनऊ, दोन पॉइंटमधलं अंतर साडेसात. सगळं इंचांत. छातीचं माप जी ब्रा घालून ब्लाउज वापरणार तीच घालून घ्यायचं. एकटीने माप घेताना टेप पाठीवर हमखास खाली घसरतो, म्हणून आरशात मागून बघून घ्यावं. जुन्या ब्लाउजवरून माप घेतलं तर तो धुऊन ताणलेला किंवा आटलेला असतो आणि त्यातल्या चुकाही नव्यात उतरतात. उंची आणि गळ्याची खोली जुन्यावरून घ्या, घेर अंगावरून घ्या.

कापड टू बाय टू रुबिया, म्हणजे उभ्या आणि आडव्या दोन्ही बाजूंना दुपदरी सूत असलेलं. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, ३६ इंच असेल तर मी सव्वा मीटर घेते. एक मीटरमध्ये बसतो, पण मग बाहीची माया, म्हणजे शिवणीपलीकडे सोडलेलं जादा कापड, कमी पडते. साडीतला ब्लाउजपीस साधारण ८० सेंटिमीटर असला तरी पन्हा ४४-४५ चा असतो, त्यामुळे घडीवर पाठ आणि पुढचा भाग शेजारी शेजारी बसतात आणि खाली बाह्यांना जागा राहते. अस्तराला ९० सेंटिमीटर पुरतं, कारण बाहीला अस्तर लावत नाही.

अस्तर सुती असतं आणि आटतं, हे सगळ्यांना माहीत असतं. तरी घाई झाली की भिजवणं टळतं. मग पहिल्या धुण्यात अस्तर आटतं, वरचं कापड तसंच राहतं आणि गळ्याभोवती, टक्सच्या टोकांशी चुण्या पडतात. त्या इस्त्रीने जात नाहीत. अस्तर रात्रभर साध्या पाण्यात भिजवून सावलीत वाळवायचं आणि किंचित ओलसर असतानाच उभ्या दोऱ्याच्या दिशेने इस्त्री करायची. रुबियाही भिजवून घ्यायचा. रंगीत अस्तर असेल तर ओल्या पांढऱ्या फडक्यावर त्याचा तुकडा ठेवून वरून गरम इस्त्री दाबा. फडक्यावर रंग उतरला तर ते अस्तर फिक्या ब्लाउजला लावू नका.

मशीनची तयारी थोडक्यात. रुबियाला १४ नंबरची सुई. १४ म्हणजे पाकिटावरचं ९०, सुईची जाडी ०.९ मिलिमीटर. मशीनवर बहुधा १६ नंबर बसवलेली असते, ती पूर्ण १ मिलिमीटरची. अस्तर, पट्टी आणि टक असे थर एकावर एक येतात तिथे ती चालते, पण नुसत्या रुबियावर टिपेच्या कडेने बारीक सुरकुत्या पाडते. सिल्कला ११. सुईच्या एका बाजूला लांब खाच असते. दोरा खाचेच्या बाजूने ओवायचा. उलटा ओवला की टाके सुटतात. इंचाला १०-१२ टाके ठेवायचे. बॉबिन केस दोऱ्याला लटकवून हाताला हलका झटका द्या: इंचभर सरकून थांबली तर खालचा ताण बरोबर आहे. सरसर खाली आली तर ढिला, हललीच नाही तर घट्ट.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या. कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंता झाला की जो तो बॉबिनच्या मागे लागतो. गुंता खाली दिसतो, पण कारण वरच्या दोऱ्यात असतं: दोरा टेन्शनच्या चकत्यांमध्ये बसलेला नसतो किंवा वरखाली होणाऱ्या दांडीच्या भोकातून निसटलेला असतो. दाबाचा पाय वर उचलून वरचा दोरा पहिल्यापासून ओवा. पाय खाली असताना ओवला तर चकत्या मिटलेल्या असतात आणि दोरा त्यांच्यात शिरतच नाही.

आता बेतणं. कापडाचा एक दोरा ओढून किंवा आडवं फाडून कड सरळ करून घ्यायची, मग घडी. उभा दोरा ब्लाउजच्या उंचीच्या दिशेने.

पाठ घडीवर बेतायची. उंची १४, खांद्याच्या शिलाईला अर्धा, खाली दुमडायला एक, म्हणजे साडेपंधरा. छातीचा चौथा भाग ९, त्यात बाजूची माया दीड, म्हणजे साडेदहा. कमरेला छातीखालच्या घेराचा चौथा भाग साडेसात, पाठीच्या टकला अर्धा आणि माया दीड, म्हणजे साडेनऊ. शोल्डरचं अर्धं ७ होतं, पण मागचा गळा ८ इंच खोल असल्याने साडेसहाच धरलं. गळा खोल असताना पूर्ण ७ घेतलं तर खांदे घसरतात आणि मग नाडी बांधून सावरत बसावं लागतं. गळ्याची रुंदी पावणेतीन, खांद्याचा उतार पाऊण, मुंढ्याची खोली साडेसहा.

पुढचा भाग पाठीवरूनच आखायचा, पण काही ठिकाणी वाढवून. छातीला अर्धा जास्त, म्हणजे साडेनऊ आणि माया दीड. अशी एकूण ३७ इंचांची छाती तयार होते, अंगापेक्षा एक इंच सैल. अस्तराच्या ब्लाउजला याहून कमी ठेवली तर बसताना हुक ओढले जातात. हुकपट्टी जोडायला पुढे पाव इंच. कमरेला साडेसात, सैलपणा अर्धा, टक सव्वा, माया दीड, म्हणजे पावणेअकरा, त्यावर पट्टीचा तो पाव इंच. मुंढ्याचा गोल पाठीपेक्षा अर्धा इंच आत.

उंचीला एक इंच जास्त घ्यायचं. नेमकं हेच राहून जातं. बाजूचा टक पाऊण इंचाचा आहे आणि तो बाजूची शिवण तेवढी खातो. पुढून येणारा अर्ध्या इंचाचा टक पुढच्या कडेची लांबी खातो. दोन्ही भाग सारखे कापले तर टक्स घातल्यावर पुढचा भाग आखूड होतो, बाजू जोडताना पाठ खाली लोंबते, आणि मग पाठीची जादा लांबी कापून टाकायचा मोह होतो. तशी कापली की ब्लाउज पुढून वर चढलेला, तो कायमचाच. एक इंच वाढवून, बाजूच्या टकात पाऊण गेल्यावर उरलेला पाव इंच बाजूला खालून निमुळता छाटायचा.

टक्स आखण्याआधी पॉइंट आखायचा: खांद्यापासून साडेनऊ अधिक शिलाईचा अर्धा, म्हणजे १० इंच खाली, आणि पुढच्या कडेपासून पावणेचार अधिक पट्टीचा पाव, म्हणजे ४ इंच आत. या पॉइंटभोवती सव्वा इंच त्रिज्येचं वर्तुळ खडूने काढा. चारही टक्स पॉइंटकडे रोखलेले असतील, पण एकाचंही टोक वर्तुळाच्या आत जाता कामा नये. खालचा टक सव्वा इंच रुंद, बाजूचा पाऊण, पुढचा अर्धा, मुंढ्याचा अर्धा. हा मुंढ्याचा टक मुंढ्याची लांबीही अर्धा इंच खातो, हे पुढे बाहीच्या वेळी लागेल.

खुणा दुसऱ्या पदरावर उतरवायला खडूने ठळक आखून, दोन्ही पदर चिकटवून वरून हाताने थापटलं की खडू उठतो. रुबियावर छान उठतो. गुळगुळीत कापडावर नाही उठत, तिथे टाचणी आरपार घालून दोन्हीकडे खूण करायची.

कापताना कात्रीचं खालचं पातं टेबलावरून उठू द्यायचं नाही. कापड हातात उचलून कापलं की खालचा पदर सरकतो. आणि कापडाच्या कात्रीने कागद कापायचा नाही, हे घरातल्या बाकीच्यांनाही बजावून ठेवावं लागतं.

बाही अजून कापलेली नाही. बाहीपुरतं कापड बाजूला ठेवलं आहे.

पहिली टीप गळ्याला. गळ्याच्या आणि मुंढ्याच्या कडा तिरप्या कापलेल्या असतात, हाताळताना त्या पसरतात. म्हणून कडेपासून सूतभर, म्हणजे इंचाचा आठवा भाग, आत एक साधी टीप घालून घ्यायची, वरच्या कापडालाही आणि अस्तरालाही. मागचा खोल गळा सैल होऊन पाठीपासून सुटतो तो बहुतेक वेळा ही टीप न घातल्यामुळे.

मग वरच्या कापडाचे खांदे वेगळे जोडायचे, अस्तराचे वेगळे. सुलट बाजू समोरासमोर ठेवून गळ्याची पूर्ण टीप, पाव इंच आत. गोलाईला अर्ध्या-अर्ध्या इंचावर कात्रीच्या टोकाने काप द्यायचे, टिपेच्या दोन दोरे अलीकडे थांबायचं. काप अपुरे राहिले तर गळा उलटल्यावर कोपरे पडतात, टिपेवर गेला तर तिथे भोक पडतं. आता लगेच उलटून इस्त्री करू नका. शिलाईची माया अस्तराच्या बाजूला वळवून, अस्तरावर शिवणीला अगदी लागून एक टीप घाला. ही टीप वरून दिसत नाही, पण तिच्यामुळे अस्तर आत ओढून राहतं आणि गळ्यातून डोकावत नाही. बाजारात शिवून घेतलेल्या ब्लाउजमध्ये ही टीप क्वचितच सापडते, कारण तिला वेळ लागतो.

गळा उलटून, इस्त्री करून अस्तर आणि वरचं कापड टेबलावर सपाट पसरायचं. अस्तर कुठे जास्त निघालं तर ते वरच्या कापडाबरोबर छाटायचं. उलट, वरचं कापड कधी ओढायचं नाही. मग प्रत्येक टकच्या मधल्या रेघेवर हाताने धावदोरा. हे टाळलं तर टक शिवताना आतलं अस्तर सरकतं, त्याचा टक एका जागी आणि वरचा दुसऱ्या जागी येतो, आणि सुरकुती पडली की कारण सापडत नाही.

टक शिवायला रुंद बाजूने सुरुवात करायची, तिथे उलटसुलट टीप घेऊन पक्कं करायचं. टोकाकडचा शेवटचा अर्धा इंच घडीला जवळजवळ समांतर शिवायचा, शेवटचे तीन-चार टाके घडीवरच्या एका दोऱ्यावर पडावेत आणि टीप कापडाबाहेर निघून जावी. टोकाला उलटी टीप घ्यायची नाही. दोन इंच दोरा सोडून कापायचा आणि दोन्ही दोऱ्यांची गाठ हाताने मारायची. टकला चोच येते ती दोनच कारणांनी: टीप घडीवर तिरकी येऊन अचानक संपली, किंवा टक वर्तुळाच्या आत गेला. इस्त्री करताना टॉवेलची घट्ट गुंडाळी आत धरून तिच्यावर करायची. सपाट टेबलावर केली तर छातीचा आणलेला उठाव आपणच मोडतो. खालचा टक मध्याकडे आणि बाजूचा खाली वळवायचा.

हुकपट्टी उभ्या दोऱ्यावरच कापायची. उरलेल्या कापडातून आडवी कापली तर ती ताणते आणि पुढची कड लाटेसारखी होते. हुकांची बाजू वर येते, तिला दीड इंचाची पट्टी जोडून ती पूर्ण आत दुमडायची. दुसऱ्या बाजूला तीन इंचाची पट्टी दुहेरी करून बाहेर काढायची. दुमडून ती पाऊण-एक इंच दिसते आणि हुकांखाली अंग झाकते. दोन्ही बाजूंची लांबी इथेच एकमेकींना लावून बघायची. पुढचे टक्स थोडे जरी कमीजास्त झाले असतील तर इथे कळतं, हुक लावल्यावर कळून उपयोग नसतो.

आता बाजू कच्च्या टाक्यांनी जोडून, पुढून टाचण्या लावून ब्लाउज अंगावर चढवायचा. बाहीशिवाय. यात घालवलेली वीस मिनिटं उसवण्याचे तास वाचवतात.

बघायचं ते असं. पुढचा गळा अंगापासून सुटतो आहे का? मग खांद्याच्या शिवणीत गळ्याकडे पाव इंच जास्त घेऊन मुंढ्याकडे शून्यावर न्यायचं. त्यासाठी खांद्याजवळ गळ्याची टीप थोडी उसवावी लागेल. काखेत काचतं आहे का? पुढून काचत असेल तर पुढच्या गोलात पाव इंच काढा. खालून काचत असेल तर खाली पाव इंच, त्याहून जास्त नाही. हात वर केल्यावर ब्लाउज वर चढतो आहे का? इथे बहुतेक जणी मुंढा खाली खणतात आणि तो जास्तच चढू लागतो. मुंढा जितका काखेजवळ, तितका हात मोकळा. खाली उतरलेल्या मुंढ्यात हात उचलला की काखेतलं कापड बाहीला जोडलेलं असल्यामुळे सगळा ब्लाउज वर ओढला जातो. उपाय उलटा आहे: खांद्यावर पाव ते अर्धा इंच घेऊन मुंढा वर उचलायचा. गळाही तेवढाच वर येईल, ते चालवून घ्यायचं.

हे सगळं झालं की टेप कडेवर उभा धरून शिवणीच्या रेघेवर दोन्ही मुंढे मोजायचे. मुंढ्याचा टक आता शिवलेला आहे, त्यामुळे मिळतं ते खरं माप. बाही आता बेतायची. कागदावरच्या मुंढ्यावरून आधीच कापलेली बाही टक आणि खांद्याच्या दुरुस्तीनंतर मोठी पडते आणि खांद्यावर चुण्या येतात. चुण्यांची बाही हवी असेल तर गोष्ट वेगळी.

मुंढा १६ भरला. बाहीची लांबी ८, खाली दुमडायला एक, वर शिलाईला अर्धा. बाहीच्या डोक्याची खोली साडेतीन. वरच्या मध्यापासून खोलीच्या रेघेपर्यंत ८ इंचांची तिरकी रेघ मारायची, म्हणजे मुंढ्याचा अर्धा. ती रेघ वरच्या भागात बाहेर फुगवून आणि काखेजवळ आत घेऊन गोल काढला की त्याची लांबी मुंढ्यापेक्षा अर्ध्या इंचाने जास्त भरते. रुबिया एवढंच सामावून घेतो. खोली चार-साडेचार केली तर हात खाली असताना बाही सुरेख दिसते, पण वरच्या फळीवरचा डबा काढता येत नाही. अडीच केली तर हात मोकळा, मात्र काखेत घड्या. घरात वापरायच्या ब्लाउजला मी तीनही चालवते. खालचा घेर ११ अधिक एक, दोन्ही बाजूंना दीड माया.

बाही दुहेरी घडीवर कापून पुढच्या बाजूचा गोल अर्धा इंच आत घ्यायचा आणि तिथे काप देऊन खूण करायची. उजव्या-डाव्या बाह्यांची अदलाबदल झाली की दंडावर तिरकी ओढ दिसते आणि बाही मागे फिरते. काठाची बाही असेल तर खालची कड काठामुळे सरळच ठेवावी लागते. मग बाजूला फार निमुळती करू नका, नाहीतर दुमडलेला काठ आत ओढ खातो.

बाही जोडायची ती बाजू उसवून, सपाट असतानाच. मध्य खांद्याच्या शिवणीला, दोन्ही टोकं बाजूच्या रेघांना, अधेमधे टाचण्या. शिवताना बाहीची बाजू खाली ठेवा. खालचा पदर मशीनचे दाते किंचित जास्त पुढे सरकवतात, त्यामुळे अर्धा इंच जादा लांबी चुणी न पडता आपसूक बसते.

मग बाहीच्या टोकापासून काखेतून खाली कमरेपर्यंत बाजूची एकच टीप. काखेतल्या चारही शिवणी एकमेकींवर आल्या पाहिजेत. दीड इंचाच्या मायेत मी तीन टिपा घालते, पाव-पाव इंचाच्या अंतराने, पहिली मापाची आणि बाकीच्या दोन तिच्या बाहेर. दोन्ही बाजूंची मिळून चार कापडं आहेत, म्हणून दोन्हीकडची आतली एकेक टीप उसवली की छातीत पूर्ण एक इंच मिळतो. दोन टिपा उसवल्या की दोन. ब्लाउज दोन-चार वर्षं टिकतो तो या मायेमुळे. म्हणून काखेत जाडी वाटली तरी ती छाटू नका, नुसते दोन काप द्या आणि कडांना झिगझॅग किंवा हाताने वेढा शिलाई घाला.

खालची पट्टी आणि बाहीची कड हातानेच शिवायची. सुईत दोरा एकपदरी, वरच्या कापडाचा एकच धागा उचलायचा.

हुक शेवटी. एक हुक पॉइंटच्या रेषेवर आधी लावायचा आणि मग वरखाली पावणेदोन ते दोन इंचांवर बाकीचे. वरपासून मोजत आलं तर छातीच्या नेमक्या जागी दोन हुकांमधली फट येते आणि तिथे ब्लाउज उघडतो. हुक कडेपासून सूतभर आत ठेवायचा, दोन्ही कड्या शिवायच्या आणि आकड्याच्या मानेखालीही दोन टाके घ्यायचे. ते नसले तर हुक उभा राहतो आणि साडीच्या पदरात अडकतो. समोरचे फासे धातूच्या आयपेक्षा (हुक अडकवायच्या कडीपेक्षा) दोऱ्याचे केलेले बरे: दोन-तीन लांब टाके घेऊन त्यांच्यावर काजाचा टाका. धातूची आय दाबून चपटी होते, दोऱ्याचा फासा झिजला तर पाच मिनिटांत नवा करता येतो. फाशांची जागा आधी आखू नका. सगळे हुक लागले की दोन्ही पट्ट्या खालच्या कडेला जुळवून धरा, प्रत्येक हुकाच्या टोकाशी टाचणी टोचा आणि तिथेच फासा करा.